अमिताभ डावखुरा कधी झाला?

मागच्या दिवाळीत गावाकडं गेलो होतो तेव्हाची गोष्ट. जेवणं उरकली होती, वहिनी आत भांडी घासायली, पोरं अंगणात राहिलेले फटाके शोधायली, आणि टीव्हीवर अमिताभचा कुठलातरी जुना सिनेमा चालू होता. मधूनच लावलेला, त्यामुळं नाव काय ते कळलं नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मारामारी चाललेली. आई खाली बसून कापसाच्या वाती वळत होती, टीव्हीकडं अर्धंच लक्ष. मधीच तिनं मान वर केली, बघितलं, वात वळायची थांबली आणि म्हणाली, "ह्यो डावखुरा कधी झाला रं?"

मी हसलो. म्हणलं आई, तो पहिल्यापासून डावखुराच आहे, सगळ्या देशाला माहितीय, केबीसीत चेक नाही का लिहीत डाव्या हातानं. तर म्हणती, "ते आता म्हातारपणी लिहितोय. तवा उजव्या हातानं हाणायचा. मी काय पिच्चर बघितले नाहीत का?" आणि पुन्हा वाती वळायला लागली. तिच्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी नाही संपला, कारण गेल्या वर्षभरापासून आम्ही सगळे घरात एक गोष्ट मोठ्यानं न बोलता मोजायलोत. दूध उतू गेलं ते एकदा, किल्ली फडताळात ठेवून घरभर शोधली ते दोनदा, धाकट्या नातवाला माझ्या नावानं हाक मारली ते तर किती वेळा कुणास ठाऊक. लातूरला एका डॉक्टरला दाखवलं होतं. त्यांनी आज वार कोणता, तारीख काय विचारलं तर आईनं तारखेऐवजी तिथी सांगितली आणि ती बरोबर होती. मग कागद दिला, म्हणाले घड्याळ काढा. आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं भाकरीसारखा छान गोल काढला, वर बारा, खाली सहा लिहिलं आणि पेन ठेवून दिला. बाकीचे आकडे कुठंयत विचारलं तर म्हणाली, "तेवढ्यात वेळ कळतीय की." डॉक्टर म्हणाले वयाच्या मानानं ठीक आहे, पण लक्ष ठेवा. हे 'लक्ष ठेवा' लई वाईट असतं. तेव्हापासून आम्ही तिच्याशी बोलायच्या ऐवजी तिच्याकडं बघायला लागलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन दिवसांनी भाऊबीजेला मामा आले. ओवाळून झालं, तबकात नोट पडली, करंज्या खाता खाता मी मामांना हळूच बाजूला घेऊन हे सांगितलं, जरा गंभीर आवाजात. तर मामा एवढ्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. "अरं येड्या, ती बरोबरच बोलायली. तिनं अमिताभ मागून बघितलाय."

मागून म्हणजे? तर पडद्याच्या मागून. यात्रेत तंबू लागायचा, पडदा एका टोकाला नाही तर बराचसा मधीच, दोन बांबूंना ताणून. मशीनच्या बाजूला गडीमाणसं आणि पडद्याच्या पल्याड बाया अन् लेकरं. पडद्याचं कापड तसं पातळच, वर त्याच्यावर पाणी मारायचे, म्हणजे मागच्या बाजूनंही चित्र चांगलं उमटायचं. सिनेमा एकच, पण त्यांच्याकडं सगळं उलटं. आमच्या आईनं लग्न होईपर्यंत जेवढे सिनेमे बघितले ते सगळे असे बघितले. तिच्या अमिताभनं आयुष्यात कधी डाव्या हातानं बुक्की मारलेली नाही. ती विसरली नव्हती, उलट पन्नास वर्षांमागचा हात तिला पक्का आठवत होता आणि मी मात्र तिला डॉक्टरच्या कागदावर नेऊन बसवली होती.

मग काय, आई सुरूच झाली. पाटीवरची अक्षरं उलटी यायची, पण वाचायला येत नव्हतं तर उलटं काय अन् सुलटं काय. हिरॉइनींचा पदर उजव्या खांद्यावर. तिला वाटायचं शहरातल्या बायांची पद्धतच तशी असेल, म्हणून एकदा आजीचं लुगडं गुंडाळून तिनं पदर उजव्या खांद्यावर टाकला आणि गल्लीतून चालून आली, आजीनं उंबऱ्यातच पाठीत धपाटा घातला. आणि सगळ्यात भारी म्हणजे आरती. सिनेमातली माणसं देवाची आरती डाव्या हातानं करायची, जेवायची पण डाव्या हातानं. "मला वाटायचं, पैसा आला की माणूस बाटतोच." हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मामांना दुसरा ठसका लागला.

हसून हसून पोट दुखलं, पण माझं एक झालं होतं. मी काही वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला सिनेमा कसा बघायचा त्याचा कोर्स करून आलेलो. लॉ कॉलेज रोड, प्रभातच्या जुन्या स्टुडिओची जागा, झाडाखाली चहा, आणि दिवसभर अंधारात बसून सिनेमे. अंबाजोगाईहून गेलेला मी एकटाच असेन. परत आल्यावर मी घरच्यांचं जगणं हराम केलं होतं. टीव्हीवर काहीही लागलं की मी म्हणणार, बघा फ्रेम बघा, बघा तो दाराच्या चौकटीत कसा अडकवलाय, बघा हिच्यावर उजेड एकाच बाजूनं कसा आहे. बायको म्हणायची, तुमचं चालू द्या, मी स्वयंपाकघरात ऐकते. तर त्या कोर्समध्ये एका सरांनी डावी-उजवी बाजू यावर पूर्ण तासभर घेतला होता. जे लोक डावीकडून उजवीकडं वाचतात त्यांना त्या दिशेनं चालणारं पात्र सहज पुढं निघाल्यासारखं वाटतं आणि उलट दिशेनं येणारं काहीतरी विरोध घेऊन आल्यासारखं, असं ते होतं. मी वहीत अधोरेखित केलं होतं, दोनदा. आता मला प्रश्न पडला की ज्या बाईला वाचताच येत नाही आणि जिनं वरून सगळं आरशातल्यासारखं बघितलंय, तिचं काय? तिला हिरो आला अन् व्हिलन आला यात फरक कळला नसेल का? कळला की. तिला तर सगळं कळलं होतं. सिनेमातलं कोण कुणाला फसवायलंय हे आजही ती माझ्याआधी सांगते.

म्हणजे सरांचं चुकलं असं नाही. पण ती डाव्या-उजव्याची गोष्ट मला तेव्हाही जरा ओढूनताणून वाटली होती हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवलेली पडद्याच्या दोन्ही बाजूंना लागू पडते. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक न दिसणारी रेघ जाते, आणि कॅमेऱ्यानं शक्यतो त्या रेघेच्या एकाच बाजूला राहायचं. आपल्याकडं समजवायचं तर कबड्डी. तुम्ही मैदानाच्या ह्या अंगाला बसून मॅच बघताय, चढाई करणारा तुमच्या डावीकडून उजवीकडं जातोय, आणि एकदम तुम्हाला उचलून पल्याडच्या अंगाला नेऊन ठेवलं तर क्षणभर वाटेल की गडी स्वतःच्याच पोरांवर धावून गेला. म्हणून कॅमेरा उड्या मारत नाही. आता आई पडद्याच्या मागं बसली म्हणजे ती पूर्ण मॅचभर पल्याडच बसली, एकदाही उडी नाही. तिच्यासाठी रेघ शाबूत. कोण कुणाकडं बघतंय, कोण वर उभं आहे, कोण खाली बसलंय, दोघांच्या मधी किती जागा सोडलीय, उजेड कुणावर आहे, हे काही उलटं होत नाही. उलटा होतो तो फक्त हात. आणि पदर.

उजेडावरून आठवलं. आठवीत असताना शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती, एसटीनं, रात्रभर गाणी म्हणत आणि ओकत. एक नंबरच्या लेण्यात आत गाभाऱ्यात बुद्धाची मोठी मूर्ती आहे. गाईडनं सगळ्यांना गप्प केलं आणि बॅटरी मूर्तीच्या एका बाजूला धरली. चेहरा गंभीर, जवळजवळ दुःखीच. मग बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली तर बुद्ध हसला. मग समोरून धरली तर ध्यानात बसलेला. दगड तोच. आमच्या मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, खरा कुठला? गाईड म्हणाला, तुम्हीच ठरवा, आणि पुढच्या लेण्याकडं निघाला. त्याला अजून तीन शाळा दाखवायच्या असतील. पुढं पुण्यात कुलेशॉव्हचं शिकवलं तेव्हा मला पहिल्यांदा तो बॅटरीवाला आठवला होता. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात ह्या माणसानं मोझुखिन नावाच्या एका नटाचा चेहरा घेतला, काहीच भाव नसलेला, आणि तोच तुकडा वेगवेगळ्या चित्रांना जोडला. एकदा सूपची बशी, एकदा शवपेटी, एकदा बाई. बघणारे म्हणे वाहवा करायला लागले की काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय. वर्गात सगळे हसलो आम्ही, त्या काळातले लोक किती भोळे म्हणून.

आणि मी काय केलं? वाती वळता वळता थांबलेला आईचा चेहरा मी लातूरच्या दवाखान्यातल्या त्या अर्ध्या घड्याळाशेजारी ठेवला आणि मला विसरभोळी म्हातारी दिसली. मामांनी तोच चेहरा तंबूशेजारी ठेवला.

त्यानंतर मी गावात होतो ते चार दिवस आईला सिनेमाचंच विचारत राहिलो. शोले बघितला होतास का? व्हय, बघितला की, लग्नाच्या आदल्या यात्रेत. शोले शहरात १९७५ ला लागला, आमच्याकडं तंबूत यायला वेळ लागला असणार, प्रिंट पार घासून घासून, मधी मधी पाऊस पडल्यासारख्या रेघा. मला त्यातला एकच सीन विचारायचा होता. जय खाली पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय, आणि वर वाड्याच्या सज्जात ती पांढऱ्या साडीतली विधवा सून, राधा, एकेक दिवा मालवत चाललीय. शब्द एक नाही. आमच्या कोर्समध्ये ह्या सीनवर लई चर्चा झाली होती. ती वर, तो खाली, मधी सगळं अंगण, आणि त्या अंतरातच दोघांचं काय होऊ शकत नाही ते सांगून टाकलंय. दिवेलागणीनंतरचा तो निळसर उजेड काही मिनिटंच टिकतो म्हणून कॅमेरामन द्वारका दिवेचांनी हा सीन एका दमात न घेता कित्येक संध्याकाळी थोडा थोडा घेतला. आणि पांढऱ्या साडीचा खरा घाव नंतर बसतो, जुनी होळी दाखवतात तेव्हा, त्यात हीच पोरगी रंगात लडबडलेली, तोंडाला खळ नाही. मला वाटलं आई काहीतरी जबरदस्त बोलणार. बाबा गेल्यापासून तिनंही फिक्याच साड्या नेसायला सुरुवात केलीय, आम्ही कितीही ओरडलो तरी.

आई म्हणाली, "दिवे किती होते रं त्या वाड्यात. रॉकेल किती लागत असंल."

मला आधी हसू आलं, मग जरा ओशाळलो. कारण बरोबरच आहे. रेशनच्या दुकानापुढं डबा घेऊन उभं राहणाऱ्या पोरीला त्या फ्रेममध्ये पहिल्यांदा रॉकेलच दिसणार. सिनेमावाल्यांनी दिवे ठेवले एका कारणासाठी, तिनं मोजले दुसऱ्या कारणासाठी, आणि ठाकूर किती मोठा माणूस आहे हे तिला कुणी न सांगता कळलं. त्यालाही अर्थच म्हणायचं ना.

ह्या सगळ्यात एक गोष्ट राहिली, आणि ती लिहू का नको असं झालंय. मामा तंबूचं सांगत होते तेव्हा बोलता बोलता एकदम सहज म्हणून गेले, "मागं बाया बसायच्या, अन् वस्तीवरचे लोक." सहज म्हणजे कसं, पाऊस पडला होता म्हणावं तसं. मी विचारलं, वस्तीवरचे गडी पण मागं? मामांनी करंजीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले मागचं तिकीट कमी असायचं. आईकडं बघितलं तर ती म्हणाली, "तिकीट कमी होतं, पण पैसे असणारे बी मागंच बसायचे त्यांच्यातले." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, वहिनीनं चहा आणला आणि विषय बदलला. मला लातूरच्या थेटरात बघितलेला फँड्री आठवला. डुकराच्या मागं धावणारं घर, शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून जागच्या जागी थिजलेलं, आणि नंतर त्याच शाळेची भिंत, भिंतीवर रंगवलेले बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा, आणि त्या भिंतीसमोरून बांबूला टांगलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारी माणसं. नागराज मंजुळेंनी तिथं एक वाक्य घातलेलं नाही. भिंत आणि माणसं एका चौकटीत आणली, बस. पोरं तेव्हा थेटरात गप्प झाली होती. आणि शेवटी त्याच घरातला पोरगा जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. मी खरंच डोकं मागं घेतलं होतं, शेजारच्यानंही घेतलं. त्यावर मी तेव्हा लांबलचक लिहिलंही होतं, कॅमेरा म्हणजेच प्रेक्षक वगैरे. पण हा दगड मला का लागला ते लिहायचं राहिलं होतं. आमच्या घरातली गडीमाणसं कायम मशीनच्या बाजूला बसलेली, आणि तिथून अक्षरं सरळ दिसतात, त्यामुळं पडद्याला मागची बाजू असते हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

आई मागं होती आणि माझे आजोबा पुढं. एकाच घरातली दोघं, एकच तंबू. घरी चालत येताना काय बोलत असतील? आजोबा म्हणाले असतील डाव्या हातानं काय हाणतो गडी, आणि आई मनातल्या मनात म्हणली असेल, डाव्या कुठं. बोलली नसणार.

निघायच्या आदल्या रात्री मी एक खूळ केलं. आईच्या लोखंडी कपाटाला आरसा आहे, बरोबर टीव्हीच्या समोर. आईला म्हणलं तोंड कपाटाकडं करून बस. ती म्हणाली, येड लागलं का? पण बसली. मी मोबाइलवरून टीव्हीला शोले लावला, त्या दिव्यांच्या सीनवर आणला, आवाज कमी केला आणि तिच्या मागं उभा राहिलो. पुण्यात आम्हाला मोठ्या पडद्यावर 'कागज के फूल' दाखवला होता, १९५९ चा, त्यात स्टुडिओच्या अंधारात वरून उजेडाचा तो जाडजूड झोत पडतो, व्ही. के. मूर्तींनी घेतलेला, बघून अंगावर काटा आला होता. इथं काटाबिटा काही नाही. जुना आरसा, कोपऱ्यात पारा उडालेला, वर कुंकवाच्या दोन टिकल्या चिकटवलेल्या, आणि त्यात छोटासा वाडा. ती चालायला लागली. एक दिवा गेला, दुसरा गेला. आई पुढं वाकून बघायली. मला वाटलं आता म्हणेल, हां, आता बरोबर.

शेवटचा दिवा गेला तशी म्हणाली, "एक राहायचा की."

कोणता राहायचा? "मधला. सगळे इझले तरी मधी एक बारीक दिवा राहायचा. माणसं मधी आली की त्यांच्या पोटात जळायचा." मला आधी काहीच कळेना. मग लक्षात आलं आणि गप्पच झालो. पडद्याच्या मागं बसलेल्या माणसाला मशीन समोर असतं. कापडाच्या पल्याडून भिंगाचा उजेड थेट डोळ्यात येतो, पडद्याच्या मधोमध, चित्र कुठलंही असो. रमेश सिप्पींनी ठेवलेला नाही, दिवेचांनी लावलेला नाही, कुठल्याच प्रिंटमध्ये नाही. आईच्या शोलेत मात्र तो एक दिवा राधाला शेवटपर्यंत विझवता आला नाही.

"पुन्हा लावू का?" मी विचारलं.

तिनं आरशात बघून पदर नीट केला, डाव्याच खांद्यावरचा, आरशात उजव्या. "लाव," म्हणाली. "अन् जरा सरक तिकडं, मधी यायलास."